रानातली तयार वाट

विमाकाकांनी जंगलाला हात घातला तो बाईंच्या ओल्या मोज्यांमुळे.

मोजे स्वयंपाकघरात दोरीवर टांगलेले होते आणि काही केल्या वाळत नव्हते. बाईंनी त्यातला एक काढून नवऱ्याच्या हातात ठेवला. विमाकाकांनी तो उलटासुलटा केला, उजेडाकडे धरून पाहिला. सगळी नोकरी त्यांनी विमा कंपनीत लोकांची जळलेली दुकानं आणि चेपलेल्या मोटारी तपासण्यात काढली होती, त्यामुळे हातात काहीही पडलं की ते आधी तपासायचे. मोजा ओला होता. त्यात संशयाला जागा नव्हती.

"दोन गोष्टी," बाई म्हणाल्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी बोलणं अजून फळ्यावर लिहिल्यासारखं होतं, आणि दूधवाल्यापासून सगळं जग त्यांना बाईच म्हणत असे. "हिवाळा लागायच्या आत हे घर गरम व्हायला हवं. आणि खालचा रस्ता बर्फाने बंद झाला की मागच्या टेकडीवरून पलीकडच्या सडकेला जायला वाट हवी. मला कोंडून घेऊन राहायचं नाही. दोन्ही झालं तर मी इथे. नाही झालं तर मी दादाकडे. बर्फ वितळलं की येईन परत." मग मोजा पुन्हा दोरीवर अडकवताना त्या पुढे म्हणाल्या, "बहुतेक."

दादा म्हणजे बाईंचे थोरले भाऊ. त्यांच्या शहरातल्या घरात खोलीखोलीत हीटर होता आणि विमाकाकांच्या मते खोलीखोलीत एक सल्लाही होता. पण काकांना लागलं ते दादांचं नाव नव्हे, ते 'बहुतेक'. सगळी गोम अशा एखाद्या बारीक शब्दातच दडलेली असते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी चहा अर्धा टाकला आणि माळ्यावरून कुऱ्हाड काढली.

घर घेतलं तेव्हा मागचं रानही त्याच्याबरोबर आलं होतं, जुन्या कपाटाबरोबर एखादी कशालाच न लागणारी किल्ली येते तसं. आजवर दोघांनी ते फक्त खिडकीतून पाहिलं होतं. त्या सकाळी काका कुंपणाचा मागचा भाग मोकळा करून आत शिरले, कारण ओंडके ओढून आणायला जागा हवी. आत शिरले आणि थबकले. खिडकीतून जे हिरव्या पडद्यासारखं दिसायचं ते आतून मुळीच तसं नव्हतं. वर पाहिलं तर मान दुखेपर्यंत झाड संपतच नव्हतं. खाली पाय टाकावा तर जमीन आत दबत होती. काकांनी टोपी काढली. का काढली हे त्यांना सांगता आलं नसतं, आणि सुदैवाने विचारायला कोणी नव्हतं.

कुऱ्हाड मात्र तशीच परत आली, कारण फाटकात सुभेदार उभे होते. सुभेदार वरच्या घरात राहत. सैन्यातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी सकाळी गल्लीची पाहणी त्यांनी सोडली नव्हती.

"परवानगी काढलीत?" सुभेदारांनी विचारलं.

"कसली परवानगी? रान माझं आहे."

"रान तुमचं. झाड वनखात्याचं."

हे वाक्य काकांना आवडलं. आपणही आयुष्यभर लोकांना अशीच वाक्यं ऐकवली, हे आठवून त्यांना किंचित गहिवरून आलं. मग ते वनखात्याच्या कचेरीत गेले.

तिथले साहेब सभ्य होते, फक्त घाईत नव्हते. काकांनी आपल्या रानातलं एक वठलेलं झाड तोडायचं असल्याचं सांगितलं.

"मेलंय हे कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"पानं नाहीत एकही."

"हिवाळ्याच्या तोंडावर पानं कुणाला असतात?"

एवढा बिनतोड प्रश्न त्यांनी स्वतःच्या उमेदीच्या काळातही कुणाला विचारला नव्हता. साहेब दुसऱ्या दिवशी जातीने येऊन झाड पाहून गेले. त्यांनी सालीवर बोट वाजवलं, कान लावला, मागे सरकून एकूण अंगकाठी पाहिली आणि निकाल दिला, "शंकास्पद आहे. वसंतात पालवी फुटली नाही, तर मेलं असं समजू."

"पण लाकूड हिवाळ्यात जाळायचंय हो!"

"ते खरं. पण झाडाच्या बाजूनेही विचार करायला हवा. पडलेलं झाड असेल तर खुशाल घ्या. त्याला आमची हरकत नाही."

पडलेलं झाड होतं. चढावर जरा आत, एका दरडीला टेकून ते आडवं झालेलं होतं, आणि काका त्याच्याजवळ पोचले तेव्हा त्यांना पुन्हा टोपी काढावी लागली. उभं झाड आपण बघतो म्हणजे खरं तर बुंधा बघतो आणि बाकीचं गृहीत धरतो. ते आडवं पडलं की कळतं केवढं प्रकरण आपल्या डोक्यावर उभं होतं. काका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि मध्ये दम खायला टेकले. उपटून वर आलेली मुळं त्यांच्या दिवाणखान्याच्या भिंतीएवढी होती. एवढं मोठं नुकसान, आणि कुणी साधा अर्जही केला नव्हता! काकांचा ऊर भरून आला.

आता करवत. पेट्रोलवर चालणारी करवत मिळते, पण पेट्रोल म्हणजे आग, आणि आगीच्या इतक्या फायली काकांच्या डोळ्यांखालून गेल्या होत्या की काडेपेटीसुद्धा ते बोटांच्या टोकांनी धरत. त्यांनी विजेवरची करवत आणली. खोक्यावरच्या चित्रात एक हसरा माणूस ती घेऊन घनदाट अरण्यात उभा होता. त्याने वीज कुठून आणली होती हे चित्रात दाखवलं नव्हतं.

वायर स्वयंपाकघरापासून जेमतेम न्हाणीघरापर्यंत पोचली. मग घरातले सगळे एक्स्टेन्शन बोर्ड एकमेकांना जोडले. वायर कुंपणापर्यंत गेली. सुभेदारांनी आपल्याकडचे दिले. खालच्या बेकरीवाल्या मावशींनी हात पुसत पुसत आपलाही आणून दिला आणि वर बजावलं, "हे बघा काका, माझी भट्टी विजेवर आहे. पाव आत आहेत. जपून." अशी ती वायर निरनिराळ्या रंगांत रानात शिरत शिरत त्या झाडापर्यंत गेली. सुभेदार मध्यावर उभे राहिले आणि पुढचा हुकूम मागे व मागचा पुढे पोचवू लागले. काकांनी गॉगल लावला, हातमोजे घातले, गळ्यात शिट्टी अडकवली, एकदा घराच्या दिशेने पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत बाई उभ्या होत्या. काकांनी बटण दाबलं.

करवत एकदा गुरगुरली आणि सगळ्या गल्लीची वीज गेली.

त्यानंतर बेकरीवाल्या मावशी वर आल्या. त्यांनी काकांच्या हातात एक पाव ठेवला. बाहेरून पाव, आतून पीठ. आठवड्यात दुसऱ्यांदा काकांच्या हातात पुरावा पडला होता, आणि दोन्ही वेळा आरोपी तेच होते.

शेवटी झाड तुटलं ते दोन मुठींच्या हाताच्या करवतीने. एका मुठीला काका, दुसरीला सुभेदार. ही करवत चालायला दोघांनी आळीपाळीने ओढायचं असतं. ढकलायचं कुणीच नसतं. पण दोघांनीही आयुष्यात हाताखालच्या माणसांना पुढे ढकलण्याचंच काम केलेलं, त्यामुळे पहिली सकाळ त्यातच गेली. पुढे मात्र जमलं. इतकं जमलं की दोघंही बोलायचे थांबले, आणि रानात फक्त त्या पात्याचा आवाज राहिला. भुसा ताज्या पिठासारखा बुटांवर साचत होता, त्याला कसला तरी गोड, जुना वास होता. काकांना वाटलं, आपण एवढी वर्षं खुर्चीवर बसून नेमकं काय करत होतो?

घर गरम करण्याचा पहिला प्रयोग मात्र फसला. त्यांनी हौसेने जे ओंडके आधी आणले ते झाडाच्या खालच्या, जमिनीला टेकलेल्या अंगाचे होते आणि आतून पाण्याने फुगलेले होते. शेगडीत घातल्यावर ते पेटले नाहीत, रुसले. धूर धुराड्यातून जायचा सोडून दिवाणखान्यात आला, तिथून जिन्याने वर गेला, आणि खिडक्यांतून बाहेर पडला तेव्हा सुभेदारांनी तो पाहिला. सुभेदार बादली घेऊन धावत आले. त्यांनी दार उघडलं आणि जी पहिली आकृती दिसली तिच्यावर बादली ओतली. आकृती काकांची होती. ओल्या अंगाने उभ्या असलेल्या काकांना त्याच क्षणी आठवलं, की लोकांच्या आगींचे दावे तपासता तपासता स्वतःच्या घराचा विमा उतरवायचा राहूनच गेला.

बाई खोकत खोकत म्हणाल्या, "मोजे पुन्हा धुवावे लागतील."

मग वरच्या, उन्हा-वाऱ्याला उघड्या राहिलेल्या फांद्या आणल्या. त्या खडखडीत वाळलेल्या होत्या. एका संध्याकाळी शेगडी खरोखर पेटली. आधी तडतडली, मग तिने एक लांब श्वास घेतला, आणि ऊब हळूहळू चालत खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात गेली. काका आणि बाई दोघंही उठून उभे राहिले, पाहुणे आल्यावर राहतो तसे. बाईंनी दोरीवरचा मोजा गालाला लावून पाहिला. तो वाळला होता.

"एक झालं," त्या म्हणाल्या. "वाटेचं काय?"

वाटेचं तर काकांनी केव्हाच मनात ठरवलं होतं. कारण वाट त्यांना सापडली होती, तयार. ओंडके ओढताना, पडलेल्या झाडाच्या मागून वर जाणारी एक पुसट पायवाट त्यांना दिसली होती. इथे त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. ही कुणा अडाण्याने पाडलेली वाट नव्हती. चढ आला की ती बाजूने घेत होती, दरड आली की नम्रपणे वळत होती. कडेच्या झुडपांचे शेंडे कुणी तरी नेमाने छाटलेले होते. काही झाडांवर खांद्याच्या उंचीला साल घासून गुळगुळीत केलेली होती, म्हणजे मोजणीच्या खुणा. वाटेवर जागोजागी काळसर गोल बिया पडलेल्या होत्या, म्हणजे कुणी सावलीसाठी झाडं लावण्याचाही विचार केला होता. काकांनी त्या मूठभर उचलून बागेत लावायला खिशात टाकल्या.

"कुणी तरी फार मोठा माणूस इथून गेलाय," त्यांनी सुभेदारांना सांगितलं. "काय आखणी! काय नजर!"

सुभेदारांनी वाटेकडे डोळे बारीक करून पाहिलं. "सैन्याची आहे. चढ बघा ना. लष्करी चढ आहे हा."

बेकरीवाल्या मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझा जन्म गेला इथे. त्या बाजूने माणूस जाताना मी काही पाहिला नाही कधी." पण मावशींचा आणि काकांचा पावावरून थोडा दुरावा होता, त्यामुळे ही साक्ष काकांनी विचारात घेतली नाही.

काका झपाटल्यासारखे कामाला लागले. काटेरी झुडपं काढली, आडव्या फांद्या छाटल्या, निसरड्या जागी दगड बसवले. वाट रुंद होत गेली, स्वच्छ होत गेली, आणि तिच्यावरून चालताना काकांना त्या अज्ञात इंजिनिअरचा सहवास घडल्यासारखं वाटे. कधी कधी ते त्याच्याशी बोलतही. शेवटचा थोडा भाग त्यांनी मुद्दाम पाहिला नाही. सडक पलीकडे आहे, वाट वर चाललीय, एवढा थोर माणूस ती दुसरीकडे कुठे नेणार? तो मान बाईंचाच, असं त्यांनी ठरवलं.

उद्घाटनाला बाई चांगले बूट घालून आल्या. मागे सुभेदार. पहिल्याच वळणावर काकांनी मोजणीच्या खुणा दाखवल्या, मग खिशातून त्या बिया काढून बाईंच्या तळहातावर ठेवल्या.

बाईंनी त्या पाहिल्या. मग नवऱ्याकडे पाहिलं. "अहो," त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्या लेंड्या आहेत."

सुभेदार एकदम एका झाडाचं निरीक्षण करू लागले.

"मग ती छाटणी?" काकांनी विचारलं.

"खाल्लंय."

"आणि खुणा?"

"शिंगं घासलीत."

तरीही तिघं चालत राहिले, कारण परत फिरणं जास्त अवघड होतं. वाट सडकेकडे गेलीच नाही. ती वळत वळत टेकडीच्या कुशीतल्या एका खोलगट जागेत उतरली आणि तिथेच संपली. भोवती फार जुनी झाडं होती. मध्ये गवत होतं, आणि गवतात ठिकठिकाणी गोल खळगे दबलेले होते. बाई वाकल्या, एका खळग्यात त्यांनी तळहात टेकला आणि बराच वेळ उचलला नाही.

"गरम आहे," त्या म्हणाल्या. "हरणं आत्ताच उठून गेलीत."

काकांनीही हात लावला. खरंच ऊब होती. एवढ्या थंडीत, एवढ्या उघड्यावर, कुठलीही शेगडी नसताना. अंगावर काटा आला.

पण अट ती अट. घरी आल्यावर बाईंनी दादांना फोन केला. घर गरम झालं होतं, वाट झाली नव्हती. दोनपैकी एक म्हणजे दोन नव्हे. नव्याने रान तोडून सडकेपर्यंत जायला आता दिवस उरले नव्हते, कारण ढग टेकडीवर येऊन बसले होते.

काका सामान भरायला मदत करू लागले. "राहा" एवढा एकच शब्द म्हणायचा होता. पण इतक्या वर्षांच्या संसारात तो म्हणायची कधी वेळच आली नव्हती. बाई असायच्याच. त्यामुळे तो म्हणतात कसा हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्याऐवजी ते म्हणाले, "शाल घेतलीस?" मग म्हणाले, "औषधं?" मग पुन्हा म्हणाले, "शाल?" त्यांना थंडीची भीती नव्हती. लाकूड भरपूर होतं. त्यांना भीती होती शेगडीसमोरच्या दुसऱ्या खुर्चीची. तिच्याकडे रोज बघावं लागणार होतं.

दादा सकाळी जीप घेऊन आले. बर्फ पडायला सुरुवात झाली होती. "काय जावईबुवा," त्यांनी उतरता उतरता हाक दिली, "ऐकलं की तुम्ही रस्ता बांधलाय. टोल किती ठेवलाय?" काकांनी हसून घेतलं. बॅग जीपमध्ये चढली. बेकरीवाल्या मावशी वाटेत खायला म्हणून नीट भाजलेले पाव घेऊन आल्या. सुभेदार आले. बाईंनी दादांच्या हातातली शाल घेतली, अंगावर ओढली आणि फाटकाकडे निघाल्या.

तेवढ्यात मावशींनी त्यांचा दंड धरला.

मागच्या रानातून, त्या वाटेवरून, एक हरिणी येत होती. ती पडलेल्या झाडाजवळ थांबली, माणसांकडे पाहिलं, कान हलवले आणि पुढे निघाली. तिच्यामागे दुसरी. दुसरीच्या मागे पाडस. मग रान हळूहळू हलू लागलं आणि काकांना कळलं, की ते रान नाही, तो कळप आहे. वर टेकडीवर बर्फ दाटलं होतं आणि सगळी खाली निघाली होती. त्यांच्या जुन्या वाटेने. ती आता रुंद झाली होती, तिच्यावर काटे नव्हते, निसरड्या जागी दगड होते. मोकळ्या केलेल्या कुंपणातून हरणं अंगणात आली, स्वयंपाकघराच्या खिडकीवरून गेली, माणसांच्या इतक्या जवळून की त्यांच्या श्वासाची वाफ काकांच्या हाताला लागली. कुणाच्याही पावलांचा आवाज होत नव्हता. पाठींवर बर्फ साठलेलं होतं. फाटकातून बाहेर पडून ती जीपच्या दोन्ही बाजूंनी ओढ्याच्या पाण्यासारखी वाटली गेली आणि खालच्या झाडीत उतरत राहिली.

दादा जीपच्या दाराला हात लावून उभे होते. त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि हे काकांनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. सुभेदारांचा हात आपोआप कपाळाशी गेला होता. मावशींच्या हातातल्या पावाचा एका पाडसाने वास घेतला, विचार केला आणि तसाच सोडला. मावशी रडत होत्या.

सगळ्यांत शेवटी मोठा नर आला. त्याची शिंगं पाहून काकांना वाटलं, एखादं झाडच चालत येतंय. कुंपणाजवळच्या वळणावर एक फांदी खाली वाकलेली होती. त्याने मान खाली घातली, तरी शिंगं अडकली. तो थांबला. मग सावकाश मान तिरकी करत, अगदी सवयीने, त्याने ती सोडवून घेतली. फांदीवरचं सगळं बर्फ त्याच्या खांद्यांवर कोसळलं. त्याने ते झटकलंही नाही. तो काकांच्या समोरून गेला, तेव्हा काकांनी टोपी काढली. ह्या वेळी का काढली ते त्यांना ठाऊक होतं.

मग दादांनी रस्त्याकडे पाहिलं आणि भानावर आले. "चल गं, चल. आता नाही निघालो तर अडकू. बस लवकर."

बाई जागच्या हलल्या नाहीत. त्या अजून त्या वळणाकडे बघत होत्या. काकांच्या घशाशी तो शब्द आला होता. त्यांनी तोंड उघडलं.

"दादा, माझी बॅग खाली ठेव," बाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या आणि जरा चिडूनच म्हणाल्या, "अहो, ती फांदी कशी दिसली नाही तुम्हाला? त्याची शिंगं अडकतात तिथे. उद्या आपण दोघं मिळून काढून टाकू ती."